नदीपल्याड पोचलेला बार

अली तसा शिळफाट्यावर स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करणारा माणूस. एरवी वर्षभर त्याला कोणी फारसं विचारत नसे. रमजानचा चंद्र दिसला की मात्र त्याचा भाव वधारायचा, कारण गावातली चकमकीची बंदूक त्याच्या हाती होती. संध्याकाळी तिचा बार वाजल्याशिवाय गावात कोणी खजुराला हात लावत नसे.

गाव खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठावर. मशीद नदीकडे पाठ करून उभी, आणि तिच्या अंगणात हा बार व्हायचा. बंदूक कोणत्या पिढीत कोणी आणली याच्या गावात जितकी घरं तितक्या कथा होत्या, आणि प्रत्येक कथेत ती आणणारा हा सांगणाऱ्याचाच पणजोबा निघायचा. बंदुकीच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा अडकवलेला असे. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर आपटायची आणि खालच्या छोट्या वाटीत ठेवलेल्या चिमूटभर बारीक दारूवर ठिणगी पडायची. या बारीक दारूला रंजक म्हणतात. रंजक पेटली की आग नळीच्या भोकातून आत शिरायची आणि मग मोठा बार. गोळी नाही, छर्रे नाहीत, नुसती दारू आणि तिच्यावर गजानं ठासलेला काथ्याचा बोळा. आवाज करणं एवढंच त्या बंदुकीचं काम उरलं होतं.

रमजानच्या तोंडावर अली कर्जतला दारू आणायला निघाला की फाट्यावर कोणीतरी हटकून विचारायचंच, "अलीभाय, आमच्यासाठी पन आना थोडी." अली म्हणायचा, "आनतो, पन तुला चढायची नाय."

कर्जतच्या बाजारात परवान्याचं एक दुकान होतं. तिथला दुकानदार अलीला पाहिलं की आधी सुस्कारा सोडायचा आणि मग डबे काढायचा. अली प्रत्येक डबा कानाशी धरून हलवून बघायचा. कोरडी दारू आत राजगिऱ्यासारखी सळसळते, दमट दारू गप्प बसते. मग थोडी तळहातावर घ्यायची आणि बोटानं चोळायची. हात लगेच काळा झाला तर दाणे फुटून भुकटी झाली आहे, ती नको. शेवटी दुकानापासून लांब जाऊन पांढऱ्या कागदावर चिमूटभर दारू पेटवायची. चांगली दारू एका झटक्यात उडून जाते आणि कागदावर नुसता राखी डाग ठेवते. वाईट दारू फुरफुरत जळते, कागदाला भोकं पाडते आणि काळे मणी मागे सोडते.

"सोनं घेताय का दारू?" दुकानदार म्हणायचा.

"सोनं घेताना येवढं बगत नाय," अली म्हणायचा. त्यानं आयुष्यात सोनं कितीसं घेतलं होतं, ते सोडा.

एवढं सगळं करून तो नळीसाठी मध्यम दाण्याची, चकचकीत दारू घ्यायचा आणि रंजकेसाठी अगदी बारीक. दुकानात खदाणीवाल्यांसाठी जाड दाण्याची दारूही असायची. तिच्याकडे तो ढुंकूनही पाहत नसे. "ती दगड फोडायची," तो म्हणायचा, "रोजा सोडायची नाय." त्याचा बार खणखणीत वाजायचा, एकच ठोका, मागे घरघर नाही की फुसफुस नाही. अलीची ही एकुलती एक मिजास होती. असावी माणसाला एखादी.

आता त्याच्या बहिणीचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिचीच आहे.

तय्यबा अलीहून बरीच मोठी. तो तिला आपा म्हणायचा. तिला दिलं होतं नदीच्या पल्याड. मशिदीच्या मागच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की तिच्या घराचा ओटा समोर दिसायचा, पण जायचं तर खालच्या अंगाच्या पुलावरून भलामोठा वळसा. त्या काठाला मुसलमानांचं तेवढं एकच घर. लग्न झालं तेव्हा ती पोरच होती, आणि सासू अशी खमकी की माहेरचं नाव काढलं तरी भांडी आपटायची. पहिल्या रमजानात एका संध्याकाळी नदीवरून बाबांच्या बंदुकीचा बार ऐकू आला आणि ती पाण्याचं भांडं हातात धरून रडली. तेव्हापासून तिचा नेम झाला. बार ऐकल्याशिवाय ती रोजा सोडत नसे. पुढे सासू गेली, नवरा गेला, घरात घड्याळ आलं, मुलगा रेडिओ घेऊन आला. तय्यबानं नेम मोडला नाही.

"बार वाजला की कळतं, माझं माहेर हाय," ती म्हणायची. बाबा वारले त्या वर्षी बंदूक अलीकडे आली. पहिल्या दिवशी बार ऐकून ती सुनेला म्हणाली, "बाबांचा बार लांबत जायचा. ह्याचा तुटक हाय. पन हाय." हे अलीला कळलं तेव्हा तो आठवडाभर खुशीत होता.

रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. अलीच्या हयातीत तो उन्हाळ्यातून थंडीत गेला, थंडीतून भातकापणीत आला, आणि ऐंशी साली भर पावसात, लावणीच्या दिवसांत येऊन बसला. चकमकीच्या बंदुकीला पावसाचं वावडं. वाटीतली रंजक उघड्यावर असते, हवेतलं पाणी शोषून घेते आणि ठिणगी पडली तरी ढिम्म बसून राहते.

पहिल्याच संध्याकाळी तसं झालं. मशिदीचा कारभार पाहणाऱ्या जमालभाईंनी घड्याळ बघून हात वर केला, अलीनं चाप ओढला, घोडा टक् करून आपटला आणि पुढे काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. वीज तर दुपारीच गेली होती, म्हणून भोंगाही मुका. शेवटी जमालभाईंनी मोठ्यांदा अजान द्यायला सांगितली आणि लोकांनी खाली माना घालून खजूर खाल्ले. अलीनं त्या रात्री ताट तसंच सरकवलं. गावाचं तर भागलं होतं. पल्याड आपा बसली असेल पाण्याचं भांडं समोर ठेवून, हे त्याला दिसत होतं.

त्याला बाबांची युक्ती आठवली. त्यानं तांदूळ कोरडे भाजले, पार गार होऊ दिले, बरणीत भरले आणि त्यात दारूची पुडी तोंड बांधून पुरून ठेवली. तांदळानं दमटपणा ओढून घेतला. वाटीभोवती त्यानं मेण लावलं, वर मेणकापडाची टोपी चढवली. दुसऱ्या दिवशी बार झाला, आणि चांगला झाला. अली निर्धास्त झाला.

दोन दिवसांनी फाट्यावर धर्माजी त्याच्या दुकानाशी येऊन उभा राहिला. धर्माजी नदीपल्याडच्या बौद्धवाडीतला, खदाणीवर सुरुंग लावायच्या कामाला. त्याच्या बापजाद्यांकडे गावाचे सांगावे पोचवायचं काम होतं. छप्पन साली वाडीनं दीक्षा घेतली तेव्हा ते काम सोडलं ते सोडलंच, आणि कोणी कौतुकानं जरी म्हटलं की एवढा निरोप दे रे, तरी धर्माजी सरळ नाही म्हणायचा. म्हणून तो आपण होऊन काही सांगायला आला याचंच अलीला आश्चर्य वाटलं.

"हा सांगावा नाय, अलीभाय," धर्माजी म्हणाला. "शेजारी म्हनून सांगतो. तुमची बहीन अंधार पडंस्तोवर रोजा सोडत नाय. काल चुलीपाशी चक्कर येऊन पडली. तुमची भाचेसून सफुरा सांगत व्हती."

"बार तर रोज व्हतोय."

"ती म्हनते, झालाच नाय अजून."

अलीनं हातातली छत्री तशीच खाली ठेवली. रोजा सोडायला उगाच उशीर करू नये, हे आपाच त्याला लहानपणी शिकवत आली होती. मग बार तिच्यापर्यंत पोचत नसणार. नदी दोन्ही काठ भरून गर्जत होती, वर पाऊस. दारू कमी पडतेय, असं त्यानं ठरवून टाकलं.

त्याच दिवशी तो खोपोलीहून गाडीनं कर्जतला गेला. दुकानातले सगळे डबे त्यानं पुन्हा हलवले, कागदावर कागद जाळले आणि जी सर्वांत कडक उडाली ती घेतली. नळीत भरतानाही हात सैल सोडला. त्या संध्याकाळचा बार एवढा मोठा झाला की मशिदीच्या वळचणीतली कबुतरं उडून पावसात गेली आणि दस्त्याचं लाकूड तडकलं. अलीचा खांदा काळानिळा झाला.

जमालभाई धावत आले. "अली, नळी फुटंल. आपल्याला रोजा सोडायचा हाय, जनाजा नाय काढायचा."

अलीनं तडकलेला दस्ता काथ्यानं आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी खदाणीवर जाताना फाट्यावर भेटला तेव्हा अलीनं एवढंच विचारलं, "काल?"

धर्माजी जरा घुटमळला. "काल पन अंधारातच," तो म्हणाला. मग त्यानं अलीकडे नीट पाहिलं. "एक सांगू? आमची वाडी तुमच्या बहिनीच्या घराच्या मागं, अजून लांब हाय. तितं तुमचा बार पयल्यापासून आयकू येतो. लावनीच्या बाया त्यावरच घरी निघतात. काल तर भांडी हालली."

 अलीनं दुकानाची फळी लावली आणि पुलाच्या वाटेला लागला.

पावसानं जरा उघडीप दिली होती. तो मागच्या दारानं गेला. तय्यबा पडवीत पाठमोरी बसून सुपात तांदूळ निवडत होती. "आपा," त्यानं हाक मारली. ती निवडत राहिली. त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं मारली. शेजारी कोंबड्यांच्या पाण्याचं पातेलं होतं, ते त्यानं उचललं आणि फरशीवर टाकलं. कोंबड्या चौफेर पळाल्या. तय्यबानं एक खडा वेचून बाजूला ठेवला आणि पुढचे तांदूळ ओढले.

आपाला ऐकूच येत नव्हतं. कधीपासून असेल हे? गेल्या ईदेला ती बोलताना सारखी त्याच्या तोंडाकडे का बघत होती, ते त्याला आता कळलं. आपण पाणी मागतो आणि सासू मीठ आणून देते, अशी सफुरानं हसत हसत केलेली तक्रारही आठवली. घरातल्यांना वाटत होतं म्हातारी तऱ्हेवाईक झाली. तिला स्वतःला तर सगळं ठाऊक असणार. पण ज्या बाईनं आयुष्यभर एका आवाजावर रोजा सोडला, ती तो आवाज गेला असं कोणत्या तोंडानं सांगणार? सांगितलं असतं तर लोकांनी घड्याळ दाखवलं असतं, नातवानं खांद्याला हात लावून सांगितलं असतं. तिला ते नको होतं. रोज पार अंधार पडला की बार झालाच असणार असं मानून ती पाणी पीत होती. म्हणजे तिचं माहेर आता नुसतं अंदाजावर चाललं होतं.

तो घराला वळसा घालून पुढच्या दारानं आला. त्याला बघताच तिचा चेहरा फुलला.

"कदी आलास रं? हाक नाय मारायची?"

"आत्ताच आलो," अली म्हणाला. सावकाश, तोंड तिच्याकडे करून.

तिनं तब्येतीचं विचारलं, खांद्याला काय झालं विचारलं. बाराबद्दल काही विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही. निघताना तो ओट्यावर थांबला आणि समोर बघितलं. नदीपलीकडे मशिदीची मागची भिंत दिसत होती, तिच्याखाली पायऱ्या, आणि पायऱ्यांवर होडीवाल्यांची जुनी पत्र्याची शेड. मशिदीचं अंगण मात्र भिंतीमागं पार झाकलेलं होतं.

संध्याकाळी खदाणीवरून परतणाऱ्या धर्माजीला त्यानं पुलावर गाठलं. "धर्माजीभाऊ, तुमच्या मालकाला सांगून सुरुंगाची जाड दारू मिळंल का जराशी?"

"ती?" धर्माजी हसला. "ती तर फुसकी. तुमीच नावं ठेवायचे. धूर लई, जाळ लई, आवाज नाय."

"तीच पायजे. जाळ पायजे."

धर्माजी पुढे काही विचारणार होता. मग त्याची नजर नदीकडे गेली, पल्याडच्या ओट्याकडे गेली, आणि त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला सांगून आणलेली पुडी त्यानं अलीच्या हातात ठेवली.

अलीनं सवयीप्रमाणे कागदावर चिमूटभर पेटवली. दारू फुरफुरली, पिवळाधमक जाळ वर चढला, दाट पांढरा धूर निघाला, कागदाला भोक पडलं आणि काळे मणी मागे राहिले. जन्मभर ज्या ज्या खोडींसाठी त्यानं दारू परत केली होती, त्या सगळ्या तिच्यात होत्या. "लय झ्याक," तो म्हणाला. रंजक मात्र त्यानं जुनीच, बारीक, तांदळात वाळवलेली ठेवली. ठिणगीशी खेळ करून चालणार नव्हतं.

जमालभाईंना त्यानं सांगितलं की अंगणात पागोळ्या गळतात, रंजक भिजते, आजपासून बार मागच्या शेडमधून करतो. जमालभाईंना ते पटलं नाही. बार अंगणातच व्हायचा, त्यांच्या वडिलांच्या काळापासून. पण दस्ता तडकल्यापासून त्यांना अलीच्या बंदुकीची धास्तीच बसली होती. लांब जातोय तर जाऊ दे, असा विचार करून त्यांनी भिंतीवरून रुमाल हलवायचं कबूल केलं.

शेडमध्ये उभं राहून अलीनं नळीचं तोंड नदीवर, जरा वर धरलं. आभाळ भरून आलं होतं, उजेड उतरत होता. पल्याड ओट्यावर पांढरी ओढणी दिसत होती. ती बसली होती, रोजच्यासारखी.  तिनं याच क्षणी मान वळवली तर? सुनेनं आतून बोलावलं तर? भिंतीवर रुमाल हलला आणि त्यानं चाप ओढला.

रंजक लखकन पेटली आणि मग नळीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. न जळलेले दाणे हवेत जाऊन पेटले आणि खालचं गढूळ पाणीसुद्धा क्षणभर पिवळं झालं. आवाज म्हणाल तर कोणीतरी जाड सतरंजी झटकल्यासारखा, ढप्प. पाठोपाठ धूर. दमट हवेत तो हलेना, पांगेना. अली डोळे चोळत, खोकत उभा राहिला. समोर पांढऱ्या धुराशिवाय काही नव्हतं. ती बघते का हेच बघायचं होतं आणि नेमकं तेच दिसेना. स्वतःच्या तोंडाला पाणी लावायचं भान त्याला राहिलं नाही.

बऱ्याच वेळानं धूर फाटला. ओटा रिकामा होता. आत चुलीचा उजेड हलत होता.

अली पायरीवर बसला आणि बाटलीतलं पाणी प्यायला.  

मशिदीत मात्र हसू पिकलं. "अलीभाय, बंदूक पन रोज्यानं थकली काय?" कोणी म्हणालं. फाट्यावरच्या हॉटेलात तर ढप्प हा शब्द चहाबरोबर फुकट मिळू लागला. कर्जतहून निवडून दारू आणणारा अली आता हात राखून काम करतो, वय झालं, बंदूक दुसऱ्या कोणाला द्यावी, अशीही कुजबुज झाली. ते सगळं अलीच्या कानावर येत होतं आणि लागतही होतं. त्याच्याजवळ मिरवायला ती एकच गोष्ट होती. एक वाक्य बोलला असता तर सगळे गप्प झाले असते. पण ते वाक्य नदी ओलांडून आपाच्या घरात गेलं असतं. तो छत्र्यांच्या काड्या सरळ करत राहिला आणि संध्याकाळ झाली की जाड दारू ठासत राहिला. धर्माजी येता-जाता फक्त मान हलवायचा, आणि ती मान 'उजेडातच' असं सांगायची. निरोप न देण्याचा त्याचा नियम तेवढ्यापुरता शाबूत होता.

ईदेला पाऊस थांबला. तय्यबा नातवाबरोबर पुलावरून माहेरी आली. अलीच्या ओट्यावर जमालभाई बसले होते, शेजारचे आणखी दोघे-तिघे होते, शिरखुर्मा चालला होता. कोणीतरी नेहमीचा विषय काढलाच. "आपा, तुमचा भाऊ म्हातारा झाला. ह्या वर्सी आयकला का बार?"

तय्यबा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"आयकला तर," ती म्हणाली. "ह्याचा बार आतापर्यंत तुटकच व्हता. ह्या वर्सी पयल्यांदा बाबांच्यासारखा वाजला. लांबत गेला, पार माझ्या दारापर्यंत."

दोघे-तिघे एकदम हसले. हसण्याच्या ओघात एकजण म्हणाला, "अवो आपा, तो तर..." आणि जमालभाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जमालभाई तय्यबाकडे बघत होते. मागं नातवानं खेळताना तांब्या पाडला होता, तो खणखणत पायऱ्या उतरत खाली गेला. ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या होत्या, तिची सोडून.

अली खाली मान घालून वाटीत चमचा फिरवत होता. जमालभाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मशिदीच्या मागच्या भिंतीकडे.

"अली," ते म्हणाले, "पुढल्या वर्सी दारू कुठली आनायची?"

"हीच," अली म्हणाला.

"हीच आना," जमालभाई म्हणाले, आणि त्यांनी तय्यबाच्या वाटीत आणखी शिरखुर्मा वाढला.